बोंबलाचे दात

सुका बोंबील निवडायला बसलो की आपला हात आधी त्याच्या डोक्याकडे जातो. डोके मोडायचे, शेपूट आणि पर कातरायचे, दोन-तीन तुकडे करायचे, पाण्यातून काढायचे आणि तव्यावर टाकायचे. डोकी जुन्या वर्तमानपत्रावर साठतात आणि शेवटी मांजरापुढे जातात. भगिनींना एक विनंती आहे. पुढच्या वेळी त्यातले एक डोके बाजूला ठेवा. ओल्या फडक्यात तासभर गुंडाळा म्हणजे जरा मऊ होईल. मग त्याचा जबडा उघडा आणि घरात मुले असतील तर त्यांनाही जवळ बोलवा.

पहिली गोष्ट ध्यानात येते ती तोंडाच्या आकाराची. तोंडाची चीर डोळ्याच्या पार मागे गेलेली असते. खालचा जबडा वरच्यापेक्षा थोडा पुढे आलेला. आणि त्या जबड्यात सुईसारखे बारीक, आत वळलेले दात, काही लहान, काही मोठे, ओळीवर ओळ. टाळूवर दात, जिभेवरही दात. एवढ्या मऊ, लिबलिबीत माशाच्या तोंडात एवढा सरंजाम कशासाठी, असा प्रश्न पाचवीतले पोरही विचारते. माझ्या वर्गात विचारला गेलाच.

उत्तर सोपे आहे : बोंबील शिकारी आहे. जिवंत बोंबलाचे हे दात बिजागरी लावलेल्या दारासारखे असतात. भक्ष्य आत येताना ते घशाच्या दिशेने वाकून वाट देतात. भक्ष्य मागे सरू लागले की उभे राहतात आणि अडवतात. आत जाण्याचा रस्ता आहे, बाहेर येण्याचा नाही. बोंबील चावत नाही, तुकडे करत नाही, सबंध गिळतो. शास्त्रज्ञांनी या माशाच्या प्रजातीला जे नाव दिले, हार्पाडॉन, त्यातही दातच आहेत. ग्रीक भाषेत ‘हार्पे’ म्हणजे कोयता आणि ‘ओडोन’ म्हणजे दात. कोयत्यासारख्या वाकड्या दातांचा तो हार्पाडॉन.

गंमत अशी की हेच दात पुढे माणसाच्या उपयोगी पडतात. वसई, उत्तन, वर्सोवा, सातपाटीकडे किनाऱ्यावर बांबूंचे खांब रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात. त्या मांडवाला वलांडी म्हणतात. कोळणी ताजे बोंबील धुतात, दोन बोंबील घेतात आणि एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी दोरीवर टाकतात. एक इकडे लोंबतो, एक तिकडे. दोरा नाही, चिमटा नाही. वाकड्या दातांची पकड अशी बसते की वारा सुटला तरी जोडी सहसा खाली येत नाही. शिकार धरण्यासाठी मिळालेले हत्यार मेल्यावर स्वतःलाच उन्हात टांगायला लागते. अशा हजारो जोड्या एका रांगेत पाहिल्या की दुरून पांढऱ्या झालरी लावल्यासारख्या दिसतात.

बोंबील सुकवायला मीठ लागत नाही. वारा आणि ऊन पुरते. दोन-तीन दिवस ऊन कडक पडले पाहिजे, एवढीच अट. आता यातले गणित पाहा. ताज्या बोंबलात साधारण ८५ ते ९० टक्के पाणी असते. मी सहावीच्या मुलांना हे उदाहरण घातले होते : १० किलो ताजा बोंबील, त्यात ८८ टक्के पाणी, तर घन पदार्थ किती? सव्वा किलोच्या आत. सुकल्यावरही थोडा ओलावा राहतो, तो धरून दीड किलोच्या आसपास सुका माल हातात येतो. साडेआठ किलो पाणी हवेत उडून गेले. सुका बोंबील महाग का, असे आपण भाववाढीच्या वेळी म्हणतो, तेव्हा हे गणित आठवावे. पण याच गणिताची दुसरी बाजू अशी की जे उरते त्यात प्रथिने ठासून भरलेली असतात. मूठभर सुक्या बोंबलावर पावसाळ्यातली एक वेळ घरची चार माणसे निभावून नेतात ती उगाच नव्हे.

हा पाण्याने भरलेला मऊ देह आणि हे राक्षसी दात, या दोन गोष्टी एकत्र कशा आल्या? त्याचे उत्तर शोधायचे तर बोंबलाच्या भाऊबंदांकडे जावे लागते. आणि भाऊबंदांचा पत्ता फार खोल पाण्यातला आहे.

जवळचा भाऊ आपल्या ओळखीचा आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ले इथल्या ट्रॉलरच्या जाळ्यात चोर बोंबील येतो. अंग कडक, खवल्यांचे, तपकिरी, तोंड पालीसारखे. बोंबलासारखा दिसतो पण बोंबील नव्हे, म्हणून बिचारा चोर ठरला. बाजारात त्याला मान नाही. काटे फार म्हणून आपल्याकडच्या बायका त्याच्याकडे बघत नाहीत. बराचसा चोर बोंबील कारखान्यांकडे जातो आणि इतर माशांबरोबर त्याचा लगदा होऊन परदेशी रवाना होतो. हा मासा तळाच्या वाळूत अंग पुरून पडतो, फक्त डोळे वर. लहान मासा डोक्यावरून गेला की एका झेपेत गिळतो. बोंबील आणि चोर बोंबील एकाच कुळातले.

याच घराण्याची आणखी एक शाखा आहे तिचे नाव बॅथिसॉरस. शब्दशः अर्थ, खोल पाण्यातली पाल. पूर्वी शास्त्रज्ञ त्याला चोर बोंबलाच्या कुळातच धरत, आता त्याचे कूळ वेगळे मानतात, पण नाते तुटलेले नाही. याच्या दोनच जाती. एकीचे नाव फेरॉक्स, म्हणजे क्रूर. दुसरीचे मोलिस, म्हणजे मऊ. दोन्ही नावे एकत्र केली तर आपल्या बोंबलाचेच वर्णन होते. फेरॉक्स ६०० मीटरपासून साडेतीन हजार मीटर खोलीपर्यंत सापडतो. मोलिस त्याहूनही खाली, पावणेपाच-पाच हजार मीटरच्या आसपास जातो. इतक्या खोलीवर राहून मासे मारून खाणाऱ्या शिकाऱ्यांमध्ये त्याचा नंबर फार वरचा आहे.

तिथले जग कसे आहे याची कल्पना आपल्या किनाऱ्यावरूनच करू. मालवणहून होडी पश्चिमेला निघाली की बराच वेळ पाणी तसे उथळच असते. जमिनीचीच एक रुंद पायरी समुद्राखाली पसरलेली आहे. मुंबईसमोर ही पायरी जवळजवळ ३०० किलोमीटर रुंद आहे, दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रे बँक नावाचा पाण्याखालचा प्रवाळांचा उंचवटा आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याला मिळाले आहे. तिथे वरून सूर्यप्रकाश पोचतो, रंगीत मासे फिरतात. पण त्याच्या पलीकडे पायरी संपते आणि तळ झपाट्याने खाली जातो. २०० मीटरच्या खाली वनस्पती जगण्याइतका उजेड नाही. हजार मीटरच्या खाली दिवस आणि रात्र हा भेदच उरत नाही. आपल्या अरबी समुद्रात तर आणखी एक अडचण आहे : साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंतच्या थरात प्राणवायू अतिशय कमी आहे. गोव्याच्या दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या थराचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. तो थर ओलांडून खाली गेले की प्राणवायू पुन्हा थोडा वाढतो, पण पाणी बर्फाच्या जवळ गेलेले गार असते.

आणि दाब. पाण्यात दर १० मीटरला हवेच्या दाबाइतका एक दाब वाढतो. दोन हजार मीटरवर तो २०० पट होतो. म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर दोन क्विंटल. तांदळाची ५० किलोची चार पोती नखावर ठेवली आहेत असे समजा. मुले लगेच विचारतात, मग मासा चिरडत कसा नाही? कारण त्याच्या अंगात पोकळी नाही. बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या जोरावर ते पाण्यात वर-खाली होतात. या घराण्याला ती पिशवीच नाही. आत पाणी, बाहेर पाणी, दोन्हीकडचा दाब सारखा. मऊ, पाणीदार मांस हे तिथे दुबळेपण ठरत नाही. अन्न इतके कमी मिळते की घट्ट मांस पोसायला परवडत नाही. म्हणून खोल पाण्यातले अनेक शिकारी अंगाने लेचेपेचे आणि तोंडाने भयंकर असतात. आठवड्यातून एखादे भक्ष्य समोरून जाणार, ते सुटले तर पुन्हा केव्हा मिळेल सांगता येत नाही. मग दात असे हवेत की आलेले परत जाऊ नये.

खोल पाण्यात उतरलेल्या यंत्रांनी बॅथिसॉरसची छायाचित्रे काढली आहेत. तो गाळावर पोट टेकून, डोके किंचित उचलून तासन्‌तास निश्चल पडलेला असतो. त्याच्याविषयीची सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की प्रत्येक माशात नर आणि मादी दोन्हींची इंद्रिये असतात. त्या अफाट अंधारात आपल्या जातीचा दुसरा मासा आयुष्यात क्वचितच भेटणार. भेटला तो नर की मादी, ही अडचण निर्मात्याने ठेवलीच नाही. आपल्या बोंबलात मात्र नर वेगळा, मादी वेगळी. त्याचे थवेच्या थवे असतात, त्याला ती गरज नाही.

आता खुद्द बोंबलाच्या प्रजातीकडे वळू. आपण खातो त्या बोंबलाचे शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरियस. फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरने १८२२ साली गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. नाव बंगालमधल्या बोलीतून घेतलेले. म्हणजे ज्याला इंग्रजांनी मुंबईचे नाव चिकटवले त्याची शास्त्रातली नोंद बंगालच्या नावाने झाली. याच प्रजातीतले इतर काही बोंबील खोल पाण्यात राहतात. जपानच्या बाजूच्या खोल समुद्रातल्या एका जातीचे वर्णन १८७८ साली झाले. आणि १८९१ साली आल्फ्रेड अल्कॉक यांनी बंगालच्या उपसागरातून आणखी एक जात नोंदवली. अल्कॉक हे ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावरचे डॉक्टर. खलाशांची प्रकृती बघता बघता जाळ्यात आलेले विचित्र मासे बाटल्यांत भरून ठेवायचे, त्यांची चित्रे काढायची, हे त्यांचे दुसरे काम. हिंदी महासागराच्या तळाशी काय राहते याची पहिली नीट ओळख त्यांच्या त्या बाटल्यांनी करून दिली. पुढे ते कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख झाले. आज भारताचे ‘सागर संपदा’ हे संशोधन जहाज अशी कामे करते.

बरेच भाऊबंद खाली अंधारात आणि हा उथळ, गढूळ पाण्यात, किनाऱ्याजवळ. देह मात्र खालच्या घराण्याचाच राहिला, असे त्याच्याकडे बघून मला नेहमी वाटते.

त्याला गढूळ पाणीच का लागते, आणि आपल्या मालवणी किनाऱ्यावर तो का नाही, हा प्रश्न आमच्या घरात फुफी विचारायची. फुफीचे म्हणणे असे की बोंबील मुंबईचा, तिथली माणसे जशी गणपतीला आणि ईदला गावाला येतात तसा हा आगोटीला येतो. अर्ध्या सिंधुदुर्गाच्या बाबतीत हे खरेच आहे. कुळथाच्या पिठीबरोबर भाजलेला बोंबील, पेजेबरोबर बोंबलाची चटणी, बटाटा-वांग्यात बोंबील हे सगळे आपले म्हणून आपण सांगतो, पण तो मासा आपल्या समुद्रात सापडत नाही म्हटले तरी चालेल. देशातला बोंबील मुख्यतः सौराष्ट्राच्या जाफराबाद-नवाबंदरपासून पालघर, मुंबई, रायगडपर्यंतचा. रायगडच्या खाली तो विरळ होत जातो. मग सगळा दक्षिणेचा किनारा सोडून तो पुन्हा भेटतो तो पूर्व किनाऱ्यावर, आंध्रच्या वरच्या भागापासून ओडिशा, बंगाल, बांगलादेशापर्यंत. कॉक्स बाजारला तो असाच उन्हात टांगलेला असतो. तिथे त्याला लोइट्टा म्हणतात आणि तिथल्या मुसलमान घरांत लोइट्ट्याची शुटकी म्हणजे आपल्याकडच्या सुक्या बोंबलाइतकीच जिव्हाळ्याची.

ही दोन टोके एकमेकांसारखी आहेत. एकीकडे नर्मदा, तापी, वैतरणा, उल्हास यांचा गाळ, दुसरीकडे गंगा-ब्रह्मपुत्रेचा. दोन्हीकडे पाणी कमी खारट, तळ चिखलाचा आणि भरती-ओहोटी जबरदस्त. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढते, खंबायतच्या आखातात दहा मीटरच्याही वर जाते. मालवणला ते अडीच मीटरच्या आसपासच. या ओढीबरोबर बोंबलाचे थवे आत-बाहेर होतात आणि याच ओढीवर त्याला पकडणारी डोल चालते. डोल म्हणजे शंकूच्या आकाराचे लांबलचक जाळे. तोंड प्रवाहाकडे करून ते समुद्रात खुंटांना बांधून ठेवतात. ते कोणी ओढत नाही. पाणीच मासळी आणून आत भरते, आणि प्रवाह फिरायच्या आत जाळे उचलायचे. उधाणाला डोल भरते, भांगेला रिकामी राहते. आपल्याकडे एवढी ओढ नाही, खडक आणि वाळू जास्त, म्हणून आपल्याकडे रापण आणि न्हय्यांचे जाळे चालत आले. रत्नागिरीच्या बाजूचे आपले दालदी बांधव पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जातात, त्यांचीही जाळी वेगळी.

बोंबलाच्या पोटात काय सापडते? शास्त्रज्ञांनी हजारो बोंबलांची पोटे चिरून पाहिली आहेत. आपल्या देशात या माशावर मोठे काम झाले ते मुंबईत. एस. व्ही. बापट यांचा बोंबलावरचा प्रबंध केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७० साली पुस्तिकेच्या रूपात काढला. त्या आणि नंतरच्या अभ्यासांतून दिसते की बोंबील प्रामुख्याने जवळा आणि बारीक कोळंबी खातो, मांदेली खातो, आणि बोंबीलही खातो. आपल्याच जातीची पिल्ले. जवळा, मांदेली आणि बोंबील डोलीत एकत्र येतात, बाजारात शेजारी शेजारी बसतात आणि आपल्या फडताळातही शेजारच्याच डब्यांत असतात. खाणारा आणि खाल्ला जाणारा दोघांचीही चटणी होते.

इंग्रजीतल्या ‘बॉम्बे डक’ या नावाची एक गोष्ट सगळीकडे सांगतात. मुंबईहून सुके बोंबील डाकगाडीने जायचे, डब्याला वास यायचा, म्हणून ‘बॉम्बे डाक’, त्याचे झाले ‘डक’. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. आपल्याकडे रेल्वे सुरू झाली १८५३ साली आणि हे नाव त्याच्या कितीतरी आधीपासून, १८१६ च्या एका इंग्रजी पुस्तकात छापलेले सापडते. बोंबलाच्या वासाने साहेबांना त्रास दिला हे मात्र खरे. १९९७ साली युरोपीय संघाने मान्यताप्राप्त कारखान्यात तयार न झालेला मासा म्हणून सुका बोंबील आणायला बंदी केली. ब्रिटनमधल्या आपल्याकडच्या हॉटेलांतून तो एकदम नाहीसा झाला आणि तिथल्या शौकिनांनी ‘बॉम्बे डक वाचवा’ अशी मोहीमच काढली. पुढे तडजोड झाली : उघड्यावर सुकवा, पण बांधणी मान्यताप्राप्त ठिकाणी करा.

या निमित्ताने एक प्रश्न, जो महिलांच्या इज्तिमात दरवर्षी कोणी ना कोणी विचारते. बोंबील जिवंत नसताना जाळ्यातून निघतो, त्याला जबह करत नाहीत, वर तो दिवसेंदिवस उन्हात पडतो, तर तो हलाल कसा? समुद्रातल्या मासळीला जबह नाही यावर सर्वांचे एकमत आहे. सूरह माइदामध्ये एहरामातल्या माणसाला जमिनीवरची शिकार मना केली आहे आणि समुद्रातली शिकार मोकळी ठेवली आहे. कोकणातले आपण बहुतेक शाफई. हनफी मंडळी आपोआप मरून पाण्यावर तरंगणारा मासा खात नाहीत, पण जाळ्यात सापडून मेलेल्याची गोष्ट वेगळी. सुकवण्याबद्दल तर हदीसमध्ये प्रसिद्ध प्रसंगच आहे. हजरत अबू उबैदा बिन जर्राह (रजि.) यांच्याबरोबर तीनशे लोकांची तुकडी समुद्रकिनाऱ्याकडे गेली होती. खजूर संपले, झाडांची पाने खायची वेळ आली. तेव्हा किनाऱ्यावर ‘अंबर’ नावाचा प्रचंड मासा मिळाला. त्यावर त्यांनी कित्येक दिवस काढले, आणि टिकवलेले मांस बरोबर मदीनेला आणले. प्रेषितांनी (स.) ते मागून घेऊन खाल्ले. बोंबलाच्या वासाला नाक मुरडणाऱ्या नव्या सुनांना हा किस्सा आमच्याकडे हमखास ऐकवला जातो.

आता जरा काळजीची गोष्ट. गेल्या काही वर्षांत बाजारात जुडी सोडली की निम्मे बोंबील बोटाएवढे निघतात. डोलीच्या शेवटच्या टोकाची जाळी फार बारीक असते, कारण तिला जवळाही धरायचा असतो. त्यात बोंबलाची पिल्ले आपोआप येतात. ट्रॉलरच्या बारीक आसाच्या जाळ्यांतही येतात. ती पिल्ले मोठी झाली असती, अंडी घातली असती. बोंबील स्वतः पिल्ले खातो त्याचा हिशेब समुद्राकडे आहे. जाळे खाते त्याचा हिशेब कोणी मांडायचा? सरकारने तो कागदावर मांडला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७०, बळा ४६० आणि बोंबील १८०. त्याच महिन्यात पापलेटला राज्यमासा केले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचे फोटो छापले. बोंबलाचे १८० मिलिमीटर कोणाच्या वाचनातही आले नसतील.

१८० मिलिमीटर म्हणजे १८ सेंटिमीटर. आठवडा बाजारात पट्टी घेऊन कोणी जात नाही, पण हात सगळ्यांनाच आहे. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली बाईची वीत साधारण १८ ते २० सेंटिमीटर भरते. ताज्या बोंबलाचे कायद्याचे माप एक वीत. सुकला की तो थोडा आखडतो, तेव्हा सुका बोंबील वितीपेक्षा बोटभर कमी भरला तरी चालेल. चिंचोके किंवा दोरा यांपेक्षा हे माप मुलांना पटकन कळते. माझ्या वर्गातल्या मुली आता आईबरोबर बाजारात जाऊन जुडीवर वीत टाकतात आणि विकणाऱ्या बाईच्या शिव्या खातात.

त्या बाईचेही चुकते असे म्हणवत नाही. तिने माल मुंबईहून आलेल्या व्यापाऱ्याकडून पोत्याने उचललेला असतो, निवडून नव्हे. वलांडीवर सुकवणाऱ्या बाईला अवेळी पाऊस आला की दोन दिवसांची मेहनत काळी पडून वाया जाते. ते बोंबील मग कुटीत, कोंबड्यांच्या खाद्यात जातात. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते, अशी लागोपाठ वादळे ऐन आगोटीच्या तोंडावर आली तेव्हा सुक्या मासळीचे काय झाले ते किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराने पाहिले आहे. आणि बारीक बोंबील स्वस्त असतो, हेही खरे. ज्या घरात सहा तोंडे आणि एक कमावता, त्या घरातल्या बाईला वितीचा नियम सांगायला माझीही जीभ रेटत नाही. तिला सांगण्याआधी जाळ्यांचे आस तपासणारी माणसे बंदरावर नियमित दिसायला हवीत.

पण थोडी सवड असलेल्या घरांनी एक करता येते, आणि ते मला एका विकणारणीनेच शिकवले. मे महिन्यात तिच्या पाटीवर वाकून मी मोठे बोंबील वेचत होते. ती हसून म्हणाली, “बाई, आगोटीक मोठो बोंबील खंय गावतलो? मोठो व्हयो तर दिवाळीनंतर येवा.” बरोबरच आहे. बोंबलाचा भर पाऊस संपल्यावर, साधारण सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत असतो. थंडीतल्या कोरड्या वाऱ्यावर सुकलेला माल पांढरा, कडक आणि लांबीला पुरता असतो. मेपर्यंत चांगला निवडून गेलेला असतो आणि आपण गर्दी करतो तेव्हा उरलेला बारीक आपल्या पदरात पडतो. मी आता डिसेंबरातच घेते. दोन दिवस अंगणातल्या उन्हात पुन्हा तापवते, कोरड्या पत्र्याच्या डब्यात तळाला वर्तमानपत्र घालून भरते आणि महिन्यातून एकदा डबा उन्हाला लावते. ऑगस्टपर्यंत त्याला कीड लागलेली नाही.